पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : देवळे उभारली आणि राखलीही

ज्या घराण्यांनी खंडोबाला कुलदैवत मानून त्याच्या पायी आपले वैभव वाहिले, त्यांत होळकरांचे घराणे अग्रभागी आहे. या घराण्यातील पुरुषांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. मल्हारराव हे मल्हारी मार्तंडाचे नाव, खंडेराव हेही त्याचेच. जेजुरी गडावरील तटबंदी व ओवऱ्यांचे दगडी काम थोरल्या मल्हाररावांनी सुरू केले व ते पुढे तुकोजीरावांनी पुरे केले. गडाखालचा मोठा तलाव अहिल्याबाईंनी बांधविला. आकुर्डीच्या खंडोबा माळावरून दरवर्षी जी मंडळी सोमवतीला जेजुरीस जातात, त्यांच्यापैकी अनेकांनी या होळकर तलावाची पायरी उतरलेली असेल. म्हणून मंदिर जीर्णोद्धाराच्या या स्मरणिकेत त्या थोर स्त्रीचे चरित्र थोडक्यात देणे उचित आहे. जीर्णोद्धार हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्या शब्दामागे किती खटपट, किती हिशेब आणि किती दूरदृष्टी लागते हे अहिल्याबाईंच्या आयुष्यावरून कळते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी लेकीला लिहावाचायला शिकविले. मल्हारराव होळकर चौंडीवरून जात असताना देवळात या मुलीला त्यांनी पाहिले व सून करून घेतले, असे परंपरेने सांगतात. लग्न १७३३ साली झाले. त्या वेळी अहिल्याबाई आठ वर्षांच्या होत्या.

मल्हारराव हे होळ गावचे. लहानपणी खानदेशात मामाकडे मेंढरे राखणारा हा मुलगा स्वतःच्या तलवारीवर माळव्याचा सुभेदार झाला. माणसाची पारख त्यांना उत्तम होती. पुत्र खंडेराव यांचा ओढा कारभाराकडे कमी, हे पाहून त्यांनी सुनेला हाताशी धरले. वसुली, जमाखर्च, फौजेचा दाणागोटा, पत्रव्यवहार ही कामे अहिल्याबाई सासऱ्यांच्या देखरेखीखाली शिकल्या. १७६५ च्या सुमाराची मल्हाररावांची त्यांना गेलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तोफखाना, बैल, गोळे, मुक्काम अशा गोष्टींविषयी सूचना आहेत. घरातल्या सुनेला लिहिलेल्या पत्रांपेक्षा विश्वासू कारभाऱ्याला लिहिलेली पत्रे ती वाटतात.

दुःखाने मात्र या बाईची पाठ कधी सोडली नाही. मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी म्हातारपणाचा आधार म्हणून त्यांना विनवून थांबविले. १७६१ मध्ये सासूबाई गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. पुत्र मालेराव गादीवर आले ते वर्षभरही टिकले नाहीत, १७६७ साली त्यांचाही अंत झाला. बेचाळिसाव्या वर्षी त्या माउलीपुढे नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही अशी स्थिती उभी राहिली.

अशा वेळी घरचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा घाट घातला आणि राघोबादादांना फौजेसह बोलाविले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी तुकोजीरावांना फौजेनिशी सज्ज केले, शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली व दादासाहेबांनाही स्पष्ट निरोप पाठविला. बाईशी लढून जिंकले तरी कीर्ती नाही आणि हरले तर नाचक्की, हा त्या निरोपाचा मतलब होता असे सांगतात. दादासाहेब क्षिप्रेच्या काठावरून समेटाच्या गोष्टी बोलत परतले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला. तुकोजीराव होळकर फौजेचे सुभेदार झाले आणि दौलतीचा कारभार अहिल्याबाईंकडे राहिला. राजधानी त्यांनी नर्मदाकाठी महेश्वर येथे नेली. १७६७ पासून १७९५ पर्यंत सुमारे अठ्ठावीस वर्षे हा कारभार चालला.

त्यांच्या दिनक्रमाची हकीकत सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे माळव्यातील माणसांकडून ऐकून लिहून ठेवली. त्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. सूर्योदयापूर्वी उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. दुपारी दोनच्या सुमारास दरबार सुरू होई तो सायंकाळी सहापर्यंत. पूजा व फराळ झाल्यावर रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम. रयतेपैकी कोणालाही समक्ष येऊन गाऱ्हाणे सांगता येई. कचेरीत खेटे घालून चपला झिजलेल्या माणसालाच या गोष्टीची खरी किंमत कळेल. डोंगरवाटांवर भिल्लांचा उपद्रव होता. त्यांचा बंदोबस्त त्यांनी नुसत्या शस्त्राने केला नाही. वाटसरूंकडून ठरलेली अल्प कवडी घेण्याचा भिल्लांचा हक्क मान्य केला व त्या बदल्यात वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. विणकरांना महेश्वरात आणून वसविले. महेश्वरी लुगडे आज सर्वत्र प्रसिद्ध आहे, त्याचे मूळ तेथे आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. अहिल्याबाईंनी देवळे बांधली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पैसा कोठून आणला आणि बांधलेले टिकावे म्हणून काय केले, हे फारसे कोणी सांगत नाही.

होळकरांच्या दौलतीत दोन वेगळ्या थैल्या होत्या. एक सरंजामाची, म्हणजे फौजेसाठी व राज्याच्या कारभारासाठी पेशव्यांनी लावून दिलेल्या मुलखाच्या वसुलीची. दुसरी खासगीची. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही गावे व महाल वेगळे करून दिले. त्यात महेश्वरकडील मुलूख होता, तसा दक्षिणेतील काही गावांचाही समावेश होता. या उत्पन्नावर घरातील मुख्य स्त्रीचा स्वतंत्र हक्क होता, सुभेदाराने त्यास हात लावावयाचा नव्हता. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून जेजुरीपर्यंत जो धर्मादाय त्यांनी केला त्याचा भार मुख्यतः या खासगीवर होता. संकल्प करून तुळशीपत्र ठेवलेले धन राज्याच्या वा घरच्या कामाला परत वापरावयाचे नाही, हा त्यांचा नेम लोकांच्या तोंडी आजही आहे. सरकारी तिजोरी आणि आपली पिशवी यांत फरक करणारे राज्यकर्ते त्या काळी थोडेच होते. त्या काळीच कशाला, असो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. त्यांनी ज्या ठिकाणी जीर्णोद्धार केले त्यांतील बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्यात नव्हती. काशी आणि गया कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेलेली. प्रभासपाटणचा सोमनाथ जुनागडच्या नबाबाच्या मुलखात. वेरूळचे घृष्णेश्वर व परळीचे वैजनाथ निजामाच्या हद्दीत. तेथे होळकरांचा हुकूम चालत नव्हता. फौज पाठवून देऊळ बांधता येत नाही, बांधले तरी फौज परतल्यावर ते राहत नाही. म्हणून अहिल्याबाईंनी जागोजाग आपले वकील व कारकून ठेवले, तेथल्या सत्ताधाऱ्यांशी गोडीने राहून परवानग्या मिळविल्या, जागा रीतसर घेतल्या आणि मग पाथरवट कामाला लावले. निजाम असो वा अन्य कोणी, सर्वजण या बाईला मान देत, असे माल्कमनेही नमूद केले आहे.

काशीचे उदाहरण पाहावे. विश्वेश्वराचे जुने मंदिर १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. मंदिर पुन्हा उभारावे हे मल्हाररावांच्याही मनात होते, परंतु फौजेच्या बळावर ते केल्यास मराठे परतल्यावर आपल्यावर संकट येईल म्हणून तेथल्या ब्राह्मणांनीच त्यांना थांबविले. अहिल्याबाईंनी मार्ग बदलला. त्यांनी लगतची जागा घेऊन तेथे नवे मंदिर बांधविले व १७८० साली ते पुरे केले. पुढे महाराजा रणजितसिंह यांनी दिलेल्या सोन्याने त्याची शिखरे मढविली गेली. आज कोट्यवधी लोक ज्या विश्वनाथाचे दर्शन घेतात ते मंदिर हेच. त्याच काशीत त्यांनी मणिकर्णिकेचे व इतर घाटांचे काम केले. अहिल्याबाई घाट त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

सोमनाथालाही असाच विचार दिसतो. मूळ मंदिराचे भग्नावशेष होते त्यापासून थोड्या अंतरावर १७८३ साली त्यांनी देऊळ बांधविले आणि मुख्य लिंग खालच्या तळघरात स्थापिले, जेणेकरून पुन्हा कधी धाड आलीच तर देव सुरक्षित राहावा. मूळ जागेवरचे भव्य मंदिर स्वातंत्र्यानंतर उभे राहिले व १९५१ साली तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत सोमनाथाची पूजा चालू राहिली ती अहिल्याबाईंच्या या लहानशा देवळात. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार पूर्वी मालोजीराजे भोसले यांनी केला होता, नंतर होळकर घराण्याच्या स्त्रियांनी, गौतमाबाई व अहिल्याबाई यांनी तो पुन्हा केला. चांदवडची रेणुकामाता, पंढरपूरचा होळकरवाडा आणि त्यातील राममंदिर, ही यादी कितीही लांबविता येईल. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे व वाटेवरची झाडे वेगळीच.

मात्र नुसते देऊळ बांधून त्या थांबत नसत, हे विशेष. प्रत्येक ठिकाणी पूजा कोणी करावयाची, नंदादीपाला तेल कोठून यावयाचे, नैवेद्याला किती, पुजाऱ्याला किती, पडझड झाल्यास दुरुस्ती कोणत्या उत्पन्नातून, याची नेमणूक त्या लावून देत. त्यासाठी जमीन किंवा गावाचा अमुक वसूल कायमचा तोडून दिलेला असे व त्याचे कागद दप्तरी असत. दूरच्या देवस्थानांना दरवर्षी गंगाजलाच्या कावडी पोचविण्याची व्यवस्था होती. दगडाचे देऊळ शंभर वर्षे काही होत नाही असे आपण समजतो. पण शिखराच्या सांध्यात पिंपळ रुजतो, गच्चीवर पाणी साचते, पन्हाळ तुंबते, आणि ते वेळीच काढणारा माणूस नसला की पन्नास वर्षांत भिंत फुगते. वर्गणी कळसाला लवकर जमते. पन्हाळ साफ करण्यासाठी कोणी पावती फाडत नाही. अहिल्याबाईंनी पन्हाळीचाही खर्च लावून दिला होता असे म्हटले तरी चालेल.

स्वतःच्या नावाचा त्यांना सोस नव्हता. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, एवढी स्तुती आपल्यासारख्या पामर स्त्रीला शोभत नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडविला. ही हकीकतही माल्कमने दिलेली आहे. महेश्वरच्या किल्ल्यातील त्यांचा राहता वाडा लाकडी खांबांचा व साधा आहे. काशी, गयेला चिरेबंदी मंदिरे बांधणाऱ्या राणीचे घर हे, असे पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय पटत नाही.

त्यांच्यावर टीका झालीच नाही असे मात्र नाही, आणि चरित्र लिहिताना ती गाळणे बरे नव्हे. तुकोजीराव उत्तरेत फौज घेऊन असत आणि त्यांना पैशाची नेहमी ओढाताण होई. महेश्वराहून हिशेब मागितला जाई, तिकडून हिशेब येत नसे, मग इकडून हुंडी निघत नसे. यावरून दोघांत बरेच खटके उडाले. धर्मादायावर इतका खर्च केला तो फौजेवर केला असता तर बरे झाले असते, असे म्हणणारे तेव्हाही होते व पुढे इतिहासकारांतही झाले. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे होळकरांच्या फौजेची दाणादाण उडाली, तेव्हा या टीकेला जोर चढला. आरोप अगदीच पोकळ नाही. पण खासगीचा पैसा हा मुळात फौजेचा नव्हताच, आणि सरंजामाच्या वसुलीचा हिशेब मागणे हा दोष मानला तर मग कारभार म्हणावे तरी कशाला. लाखेरीला हरलेली फौज आज कोठे नाही, विष्णुपद मंदिर उभे आहे.

उतारवय अत्यंत कष्टी गेले. कन्या मुक्ताबाई व जावई यशवंतराव फणसे हाच काय तो आधार उरला होता. आधी नातू नथ्याबा गेला. १७९१ साली जावई गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. ज्या स्त्रीला सासऱ्याने चितेपासून परत आणले होते, तिला स्वतःच्या मुलीला परत आणता आले नाही. नर्मदेच्या काठी ते पाहावे लागले. त्यानंतरही त्या कारभार पाहत राहिल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांची छत्री नर्मदेच्या घाटावर आहे. दगडातील नक्षीकाम इतके सुबक आहे की पाहणारा तासन्‌तास रेंगाळतो.

त्यांच्या मागे काय झाले हेही देणगीदारांनी जाणून घेण्यासारखे आहे. खासगीची व्यवस्था होळकर संस्थानात चालू राहिली. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले व नंतर मध्य प्रदेश झाला. देशभर पसरलेल्या या देवळांची, घाटांची व धर्मशाळांची व्यवस्था पाहण्यासाठी १९६२ साली खासगी देवी अहिल्याबाई होळकर धर्मादाय न्यास स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद उद्भवला व प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या न्यासाला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो व त्याखाली नोंदणी करणे आवश्यक आहे असा निर्णय दिला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी बाईंनी तोडून दिलेली नेमणूक कोणाच्या ताब्यात, कोणत्या नोंदवहीत आणि कोणाच्या सहीने, हा प्रश्न अशा रीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोचला.

महेश्वरात मात्र त्यांनी घालून दिलेला एक परिपाठ अखंड चालत आला आहे. रोज सकाळी ब्राह्मण मातीची लहान लहान शिवलिंगे करतात, त्यांची पूजा होते व मग ती नर्मदेत विसर्जन करतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी तेथे रेहवा ही संस्था काढून मागे पडलेला हातमाग पुन्हा उभा केला. किल्ल्याची डागडुजी आणि विणकरांची चूल असे दोन्ही त्यातून साधले.

आपल्या बाजूला परिस्थिती निराळी आहे. आकुर्डी, पिंपरी, चिंचवड आणि भोसरी ही गावे १९७० साली नगरपालिकेत आली व १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखाने आले, त्यांबरोबर हजारो कुटुंबांना भाकरी मिळाली हे खरे आहे. पण त्याच वेगाने गावठाणातले दगडी जोते, सागवानी तुळया आणि दिंडीदरवाजे रस्तारुंदीत व नव्या इमारतींत गेले. मूळ गावाच्या खुणा म्हणून बहुतेक ठिकाणी देऊळ आणि त्याच्यासमोरचा पार एवढेच राहिले आहे.

जन्मगाव चौंडीला गढी व स्मारक आहे. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्या गावी भरली. त्याआधी २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव देण्यात आले. चांदवडच्या रंगमहालात, जेथे होळकरांचा मुक्काम असे, लाकडी कोरीव काम पाहण्यासारखे आहे. राज्य पुरातत्त्व खात्याने त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले.

आकुर्डीपासून सर्वांत जवळची होळकरांची मोठी वास्तू म्हणजे खेड तालुक्यातील वाफगावची गढी. चाकणवरून पुढे खेडमार्गे जाता येते. मल्हाररावांनी ती बांधविली. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांचा जन्म १७७६ साली तेथेच झाला. गढीला तट व बुरूज आहेत. आत रयत शिक्षण संस्थेची शाळा अनेक वर्षे भरत आली. खेड्यातल्या पोरांना अक्षर मिळाले ते याच तटाच्या आत, आणि वास्तूत माणसांचा राबता राहिला हेही खरे. अलीकडच्या वर्षांत गावकरी व होळकरप्रेमी मंडळींनी गढीचे जतन व्हावे म्हणून सातत्याने पाठपुरावा केला आहे. तटावरची झुडपे काढणे, परिसर झाडणे अशी कामे त्यांतील तरुण स्वतः येऊन करतात.